आमची मियाटा नापास होते

आमच्या घराण्यात नापास व्हायची पद्धत नाही. इंजिनिअरिंगला एम-थ्रीने एकदा दगा दिला होता, पण ते प्रकरण आईने नातेवाईकांपर्यंत पोचू दिलं नाही. त्यामुळे त्या शनिवारी सकाळी सॅन होजेमधल्या एका स्मॉग चेकच्या दुकानात 'फेल' असं ठळक छापलेला कागद हातात पडला, तेव्हा कान अगदी तसेच गरम झाले. फरक इतकाच, की या वेळी नापास मी नव्हतो, माझी गाडी होती.

गाडी म्हणजे १९९२ सालची माझ्दा मियाटा. दोन सीटा, मागे दुमडणारं कापडी छप्पर, १.६ लिटरचं इंजिन आणि बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे हेडलाइट. वयाने माझ्यापेक्षा मोठी आहे. दीड वर्षापूर्वी एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. चावी देताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, छप्पर ओलं असताना दुमडायचं नाही. दोन, पेट्रोल कायम ९१ ऑक्टेनचंच भरायचं. मी आज्ञाधारकपणे दोन्ही पाळलं. साध्या ८७ वर चालणाऱ्या गाडीला ९१ कशाला, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. नवीन प्रेमात प्रश्न पडत नाहीत.

तर स्मॉग चेक. कॅलिफोर्नियात हा प्रकार १९८४ पासून आहे. गाडी जरा जुनी झाली की दर दोन वर्षांनी हे सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय नंबरप्लेटवरचा नवीन वर्षाचा स्टिकर मिळत नाही. २००० नंतरच्या गाड्यांचं सोपं आहे. केबल लावायची, गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच कबुलीजबाब देतो. आमच्यासारख्या जुन्यांची मात्र तोंडी परीक्षा. मागची चाकं रोलरवर चढवतात, सायलेन्सरमध्ये नळी खुपसतात आणि ताशी १५ व २५ मैलांच्या वेगाने गाडी जागच्या जागी पळवतात. कागदावर तीन आकडे येतात. हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेलं पेट्रोल, कार्बन मोनॉक्साइड म्हणजे अर्धवट जळलेलं, आणि तिसरा नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे नॉक्स मंडळींपैकी मुख्य इसम. पहिल्या दोन विषयांत आमची मियाटा डिस्टिंक्शनमध्ये होती. तिसऱ्यात मर्यादा सातशेच्या थोडी वर, आणि आमचा आकडा ११४३.

खाली आणखी एक ओळ होती. इग्निशन टायमिंग : फेल.

दुकानात एक वयस्कर व्हिएतनामी काका होते. त्यांनी टायमिंग लाइट बंद करत शांतपणे सांगितलं, "लेबलवर १० अंश लिहिलंय. तुझं १५ वर आहे. आधी ते कर, मग बाकीचं बघ."

आता मी पडलो इंजिनिअर. काका एवढं सरळ सांगताहेत म्हणजे खरं कारण काहीतरी वेगळंच असणार! शिवाय टायमिंग ज्या सेन्सरने फिरवतात तो या इंजिनच्या पार मागे, फायरवॉलला चिकटून बसलाय. त्याच्या बोल्टपर्यंत हात घालायचा म्हणजे मनगट सोलून घ्यायचं. मग मी काय केलं? तीन-चार व्हिडिओ बघितले आणि पुढच्या शनिवारी सकाळी एका दमात पाच गोष्टी केल्या. ऑइल बदललं, एअर फिल्टर बदलला, स्पार्क प्लग बदलले, टाकीत एक महागडी क्लीनरची बाटली ओतली आणि फ्रीवेवर तिसऱ्या गिअरमध्ये वीस मैल गाडी पिदडली.

दुपारी परत काकांकडे. या वेळी प्री-टेस्ट घेतली, म्हणजे निकाल सरकारी कॉम्प्युटरमध्ये जात नाही, आपली अब्रू आपल्यापाशी राहते. आकडा आला ११२०.

"टायमिंग?" काकांनी विचारलं.

"अजून नाही केलं."

एम-थ्रीच्या सरांनी ज्या नजरेने माझा पेपर पाहिला होता, त्याच नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग मात्र घरी येऊन नीट वाचलं. नॉक्स पेट्रोलातून येत नाही, ते चक्क हवेतून येतं. हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन शेजारी शेजारी सुखाने नांदत असतात. पण सिलिंडरमधली आग एका मर्यादेपलीकडे तापली की दोघांचं लग्न लागतं. ठिणगी जितकी आधी पडेल तितका दाब जास्त चढतो, तितकी आग तापते आणि तितकं नॉक्स वाढतं. आणि ठिणगी आधी पाडली की काय होतं? गाडी जरा जोरात पळते. फक्त साधं पेट्रोल घातलं तर ठोके यायची भीती, म्हणून ९१ ऑक्टेन! डोक्यात ट्यूब पेटली ती तेव्हा. गाडी बिघडलेली नव्हतीच. कोणीतरी ती मुद्दाम 'सुधारली' होती.

रविवारी मित्राच्या गॅरेजमध्ये डेरा टाकला. इंजिनजवळच्या छोट्या डायग्नॉस्टिक डब्यात दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या, म्हणजे कॉम्प्युटर मध्ये लुडबुड करत नाही. मग १२ नंबरचा बोल्ट सैल करून सेन्सर केसभर फिरवायचा आणि टायमिंग लाइटखाली पुलीवरची खूण १० वर आणायची. मनगट सोललंच. पण या वेळी दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. एका वेळी एकच बदल, मग टेस्ट. ऑफिसात ज्युनिअर मुलांना हेच ऐकवत असतो.

पुढच्या शनिवारी आकडा ८१२. तीनशेहून जास्त खाली, पण अजून नापासच.

उरलेलं दुखणं एका रबरी नळीत सापडलं. या इंजिनात आत येणारी हवा मोजायला एक झडप असते. तिच्यापासून थ्रॉटलपर्यंत रबराची जाड नळी जाते. तीस वर्षांत रबराच्या घड्यांमध्ये बारीक चिरा पडल्या होत्या. वरून काही दिसत नव्हतं, हाताने वाकवली तेव्हा उघडल्या. तिथून आत शिरणारी हवा मोजलीच जात नाही, म्हणून पेट्रोल कमी पडतं आणि ऑक्सिजन उरतो. आणि धुरात ऑक्सिजन उरला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नॉक्स फोडण्यात रस राहत नाही. हवा आणि पेट्रोल वजनाने साधारण १४.७ ला १ असेल तरच तो तिन्ही विषांचं काम चोख करतो. या प्रमाणावर पहारा ठेवणारा ऑक्सिजन सेन्सरही म्हातारा झाला होता. मल्टिमीटरवर त्याचा काटा सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर झुलायला हवा, आमचा जांभया देत होता. आधी नळी बदलली, मग सेन्सर.

चौथा शनिवार. आकडा ४३८. पास! काकांनी कागद दिला आणि पहिल्यांदाच हसले. "गाडी चांगली आहे," म्हणाले, "कोणीतरी जास्त शहाणपणा केला होता."

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण कागद फायलीत लावताना आधीच्या मालकाचा स्मॉग रिपोर्ट दिसला. गाडी मला विकण्याआधीचा. निकाल पास. इग्निशन टायमिंग : पास. दोन मिनिटं मी तो कागद हातात धरून बसलो. म्हणजे गृहस्थांनी परीक्षेपुरतं टायमिंग लेबलबरहुकूम केलं, सर्टिफिकेट घेतलं आणि गाडी परत १५ वर नेली. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे मग सोप्पंय की! तूही तेच कर. आता दोन वर्षं कोण विचारतंय?"

खरं सांगतो, १० अंशांवर गाडी थोडी मवाळ झालीय. सिग्नल सुटल्यावरची ती उडी जरा कमी झालीय. दुसऱ्या कोणाला कळणारही नाही, पण मला कळते. पुढच्या रविवारी मी १२ नंबरचा पाना घेऊन बॉनेट उघडलं. हो, उघडलं.

आणि तिथे उभं असताना फोक्सवॅगन आठवली. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केलं, की त्यांच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर परीक्षा ओळखतं. चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाहीये, म्हणजे गाडी रोलरवर आहे, असे सगळे संकेत बघून ते तेवढ्यापुरतं सोवळं नेसायचं. रस्त्यावर आल्यावर नॉक्स मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. बातमी वाचली तेव्हा मी म्हणालो होतो, कसली नालायक माणसं! पुढे स्वतः नोकरीला लागलो. एका रिलीजच्या आदल्या रात्री एक टेस्ट काही केल्या पास होईना, तेव्हा मीच कोडमध्ये दोन ओळी घातल्या होत्या. टेस्ट चालू असेल तर हे उत्तर दे, नाहीतर ते. सगळं हिरवं झालं, मॅनेजरने पाठ थोपटली. तीन आठवड्यांनी तोच बग एका ग्राहकाकडे फुटला आणि दुसऱ्याच एका मुलाने दोन रात्री जागून तो शोधला. त्या दोन ओळी कोणाच्या, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. आज इथे लिहितोय.

मग ही परीक्षा आहे तरी कशासाठी? जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारं धुकं उतरलं, तेव्हा लोकांना शत्रूने विषारी वायू सोडला असं वाटलं होतं. पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मिट या कॅलटेकमधल्या डच रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढलं, की हायड्रोकार्बन आणि नॉक्स उन्हात शिजून ओझोन होतो आणि यात मोटारींचा मोठा हात आहे. त्याआधी हा माणूस अननसाच्या स्वादावर काम करत होता! म्हणजे शत्रू आपल्याच गॅरेजमध्ये होता, आणि रविवारी त्याला पॉलिश केलं जात होतं.

त्या रात्री बाबांचा फोन आला. पुण्यात लहानपणी त्यांच्या चेतकवर पुढे उभा राहून मी पीयूसी काढायला जायचो. पंपाजवळच्या व्हॅनमधला माणूस मशीनची नळी हातात घ्यायचा, स्कूटरच्या निळ्या धुराकडे बघायचा आणि नळी परत ठेवायचा. नळी आत गेलीच नाही, तरी सर्टिफिकेट बाहेर यायचं. बाबा खूश, तो खूश. आता बाबांच्या उशाशी इनहेलर असतो. एका स्कूटरचा आणि त्याचा संबंध मी जोडत नाही, तेवढं विज्ञान मलाही कळतं. पण त्या चौकातल्या प्रत्येकाचं सर्टिफिकेट असंच बाहेर आलं असेल, तर धूर कुठे गेला?

"झाली का रे पास?" बाबांनी विचारलं.

"झाली."

"किती द्यावे लागले?"

"काही नाही हो बाबा. दुरुस्त केली."

पलीकडे क्षणभर शांतता. मग बाबा खोकले, आणि म्हणाले, "असं पण करतात होय!"

बॉनेट मी तसंच बंद केलं होतं. पाना मित्राला परत दिलाय. टाकीत आता ८७ भरतो, गॅलनमागे थोडे पैसे वाचतात. पुढची परीक्षा दोन वर्षांनी. तेव्हा आदल्या रात्री काही फिरवावं लागू नये, एवढीच इच्छा.