आग्रा, बुऱ्हाणपूर, देहू

आग्रा

ती. ताई,
सा. न.

ताजमहालाच्या मुख्य दालनात सगळी मांडणी आरशात पाहावी तशी समोरासमोर आहे. त्यात एकच गोष्ट बसत नाही, ती म्हणजे शाहजहानची कबर. मुमताजची बरोबर मध्यावर, आणि 1666 साली तो गेल्यावर त्याची तिच्या पश्चिमेला जागा करून बसवलेली. इमारत मुळात तिच्या एकटीसाठी असावी, असं त्या एका विसंगतीवरून वाटतं.

इथे प्रेमाच्या गोष्टी भरपूर ऐकायला मिळतात, बाळंतपणाच्या कमी. लग्न 1612 साली, मृत्यू 1631 साली. एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणं आणि त्यातली सातच मुलं जगली. गेली तेव्हा ती 38 वर्षांची होती, आणि गेली ती इथे नव्हे, बुऱ्हाणपूरला. पुढचं पत्र तिथून.

बुऱ्हाणपूर

ती. ताई,
सा. न.

आपल्या रावेरच्या पलीकडचंच हे गाव. बाजारात मराठी सहज कानावर पडते. शाही किल्ला तापीच्या ऐन काठावर उभा आहे. पडझड खूप, पण हमामखान्याच्या छतावरची फुलापानांची रंगीत नक्षी अजून तग धरून आहे. मान वर करून बराच वेळ पाहत राहावं अशी.

खानजहान लोदी या सरदाराच्या बंडामुळे बादशहा शाहजहान दक्षिणेत उतरला होता आणि मुमताज नेहमीप्रमाणे बरोबर होती. 17 जून 1631 रोजी इथेच गौहर आराचा जन्म झाला आणि आई गेली. तिला नदीपलीकडे जैनाबादच्या शाही बागेत, आहुखान्यात दफन केलं. डिसेंबरात मुलगा शुजा तिचा देह घेऊन आग्र्याला निघाला. आज आहुखाना पडका आहे. ताज पाहणाऱ्या लाखोंपैकी इथवर फारच थोडे येतात, याचं वाईट वाटतं.

बादशहाने भरजरी कपडे आणि गाणंबजावणं सोडलं, दाढी भराभर पिकली, असं दरबारी इतिहासकार लिहून गेले आहेत. जनानखान्याचा कारभार सतरा वर्षांच्या मुलीच्या, जहाँआराच्या अंगावर पडला. आणि तान्ही गौहर आरा? ती 1706 पर्यंत जगली. आईला ओळखण्याइतका वेळ मात्र तिला मिळाला नाही.

याच काळात या शहराबाहेर माणसं भुकेने मरत होती. 1630 मध्ये गुजरात आणि दख्खनमध्ये पाऊस आलाच नाही. सुरतेहून आग्र्याकडे निघालेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी याच वाटेने गेला. त्याने रस्त्याकडेला पडलेली प्रेतं नोंदवली आहेत. हाडांची पूड पिठात मिसळून विकली जात होती, असं खुद्द बादशहाचा इतिहासकार लाहोरी लिहितो. बादशहाने बुऱ्हाणपुरात लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, वीस सोमवारांत एक लाख. ते दान देहूपर्यंत पोचण्यासारखं नव्हतं.

देहू

ती. ताई,
सा. न.

इंद्रायणीला पाणी आहे, घाटावर गर्दी आहे. याच गावात, त्याच दुष्काळात, तुकोबांची पहिली बायको रखमाबाई उपाशी गेली. पाठोपाठ लहानगा मुलगा संतूही गेला. परंपरा सांगते की तिला दम्याचा विकार होता, म्हणून घरच्यांनी तुकोबांचं दुसरं लग्न जिजाईशी लावून दिलं होतं. दुकान बुडालं, गुरंढोरं गेली, आणि आजारी बाई अन्न मागत राहिली.

तुकोबांनी आपल्या आत्मपर अभंगात ही गोष्ट एका ओळीत सांगितली आहे. त्यात तिचं नावही नाही. ते आपल्याला पुढच्या चरित्रपरंपरेतून कळतं. पण त्या ओळीला लागूनच तुकोबा आपल्याला लाज वाटल्याचं सांगतात. वाण्याचं घर, दारात धान्याची मापं, आणि बायको उपाशी मरते! हा नवरा दुःखाच्या आधी शरमेने खचला आहे. बादशहाच्या बखरींत ही शरम शोधून सापडत नाही.

त्यानंतर त्यांनी काय केलं? वडिलोपार्जित विठ्ठलमंदिर मोडकळीला आलं होतं, ते उभं करायचं मनावर घेतलं. लोकांकडच्या येण्याचे कागद होते, त्यातले धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाटणीचे त्याला देऊन आपल्या वाटणीचे इंद्रायणीत सोडून दिले, असं देहूकर सांगतात. दुष्काळाने नागवलेल्या कुळांसाठी याहून मोठी सूट दुसरी कोणती असणार?

शाहजहानचं दुःख खोटं होतं असं मुळीच नाही. पण त्या दोन-तीन वर्षांत दख्खनमध्ये किती घरांतून अशा आया गेल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. तू शाळेत ताजमहालाचा धडा घेशील, तेव्हा फळ्यावर 1631 लिही आणि मुमताजच्या नावाशेजारी रखमाबाईचंही नाव लिही.

तुझा,
धाकटा भाऊ