चौकटींच्या पडद्यासमोर

बंगळूरच्या कलावंत पुष्पमाला एन. यांच्या एका छायाचित्रापाशी मी दर वेळी थबकते. मागे चौकटी-चौकटींचा पडदा, पुढे मोजमापासाठी उभी केलेली ‘तोडा’ या आदिवासी जमातीची एक बाई. ती बाई म्हणजे स्वतः पुष्पमाला. ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ ही मालिका त्यांनी २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी या ब्रिटिश वंशाच्या, बंगळूरकर छायाचित्रकार मैत्रिणीसोबत केली. कॅमेऱ्यामागे गोरी बाई, पुढे काळी. हा जुना डाव त्यांनी जाणूनबुजून पुन्हा मांडला.

त्या पडद्याची कल्पना अंदमानातून आलेली आहे. मॉरिस व्हिडाल पोर्टमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८९०च्या दशकात तिथल्या आदिवासींना अशाच पडद्यासमोर उभं करून त्यांचे फोटो काढले आणि मापं टिपली. त्याआधी, १८८० साली, याच माणसाने उत्तर सेंटिनेल बेटावरून एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं पकडून पोर्ट ब्लेअरला नेली. म्हाताराम्हातारी आजारी पडून दगावली. पोरांच्या हातात भेटवस्तू देऊन त्यांना परत किनाऱ्यावर सोडण्यात आलं. विज्ञानाच्या नावाखाली हे सगळं चाललं होतं.

पुष्पमाला फोटो झाला की पडद्यासमोरून बाजूला होऊ शकतात. जुन्या फोटोतल्या मूळ बाईला ती सोय नव्हती. मग तिचं दुःख दुसऱ्या कुणी अंगावर घ्यावं का? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. आता वाटतं, पुष्पमाला ते दुःख घेतच नाहीत. त्या बघणाऱ्याची नजर बाईवरून काढून पडद्याकडे वळवतात. एरवी आपण जुने फोटो बघताना दागिने बघतो, गोंदण बघतो. तिला तिथे कुणी उभं केलं, हे विचारत नाही.

याच मालिकेत आणखी एक फोटो आहे. पोलिसांनी पकडलेल्या बायकांचा वर्तमानपत्रात छापून आलेला फोटो त्यांनी पुन्हा उभा केला. तो पाहताना मला, सोलापूरच्या माणसाला, आमचं सेटलमेंट, ती तारेच्या कुंपणातली वसाहत, आठवणारच. १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. त्या कायद्याच्या पुढच्या आवृत्त्यांखाली माणसं तिथे काटेरी तारेच्या आत राहिली, हजेरी देत राहिली, गिरण्यांत राबली. ३१ ऑगस्ट १९५२ला त्या जमाती विमुक्त झाल्या. पण पारध्याच्या पोराकडे बघणारी गावाची नजर? चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पालावर जाते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं.

आणि तुरुंगाच्या नियमावल्यांमधून अशा जमातींवरचा जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला.