तात्या

तात्या आमच्याकडे कित्येक वर्षं होता. त्यातला बराचसा काळ जमिनीखाली. पाहुण्यांना आम्ही मातीने भरलेली काचेची पेटी दाखवायचो आणि सांगायचो, यात विंचू आहे. ते मान डोलवायचे. विश्वास ठेवायचे की नाही, कोण जाणे.

आम्ही तेव्हा टूसॉनला, ॲरिझोनाच्या वाळवंटात राहत होतो. नवऱ्याचा एक सहकारी गाव सोडून चालला आणि त्याचं हे जनावर आमच्या पदरात पडलं. हॅड्रुरस ॲरिझोनेन्सिस हा उत्तर अमेरिकेतला सगळ्यात मोठा विंचू. नांगीसकट साडेपाच इंचांपर्यंत वाढतो. पाठ काळसर, पाय नि चिमटे पिवळे, अंगावर राठ केस. ‘झपाटलेला’ पाहिलेल्या घरात नावाचा प्रश्नच नव्हता. पुढे एकदा तो काचेला टेकून उभा राहिला, तेव्हा पोटाखालचे कंगव्यासारखे अवयव नीट दिसले आणि तात्या मादी असल्याचं कळलं. नाव आम्ही बदललं नाही.

त्याच्यासाठी करायचं ते सगळं मातीचंच. रानात हा विंचू आठ-आठ फूट खोल जातो. नुसत्या वाळूत बीळ टिकत नाही, म्हणून तीत चिकणमाती कालवायची, ओली करून थापायची आणि चांगली सुकू द्यायची. पाळणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे एका कोपऱ्यात पेन्सिलीने मी तिरपं भोक पाडून दिलं. तात्याने त्यात चिमटे घालून पाहिले आणि समोरच्या कोपऱ्यात, चपट्या दगडाखाली, स्वतःचं खणायला घेतलं. पुढच्या पायांनी उकरायचं, मागे लोटायचं. सकाळी दगडापाशी मातीचा ढीग.

दुकानात पेटीखाली ठेवायची गरम पट्टी मिळते. ती आम्ही घेतली नाही. उकडलं की खाली जायचं, हे या प्राण्याच्या रक्तातच आहे. खालीच तापलेलं असलं तर त्याने जावं कुठे? ऊब वरून आणि एकाच टोकाला. कोपऱ्यात उभी नळी पुरलेली होती, तिच्यातून अधूनमधून तळाला थोडं पाणी. वरची माती ठणठणीत कोरडी, खालची किंचित दमट.

खाणं म्हणजे आठवड्या-दोन आठवड्यांनी एक रातकिडा. अंधार पडला की तात्या बिळाच्या तोंडाशी चिमटे उघडून बसायचा. रातकिडा हलला की ती थरथर त्याला केसांतून आणि पायांतून कळायची. झडप इतकी झटपट की डोळ्यांना दिसायची नाही. जेवण मात्र तासन्‌तास. तोंडाबाहेरच पाचकरसाने किडा मऊ करायचा, त्यातला रस शोषायचा आणि उरलेल्या चोथ्याची गोळी टाकून द्यायची. हिवाळ्यात तर आठवडेच्या आठवडे तो वर यायचा नाही, काही खायचा नाही. आधी मी घाबरायचे. मग जांभळ्या किरणांचा टॉर्च आणला. बिळाच्या तोंडावर क्षणभर मारला की आत कुठेतरी हिरवट निळं चमकायचं, तेवढ्याने समाधान.

आई महाडकडची. तिच्या लेखी विंचू म्हणजे लाल विंचू आणि विंचू चावला म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर. प्राझोसिन देऊन त्यांनी तिकडे किती लोकांना वाचवलं, हे तिला २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. आमच्याकडे आली तेव्हा पहिले काही दिवस ती त्या खोलीत पाऊल टाकेना. मी समजावलं, की याचं विष सौम्य, मधमाशीच्या डंखाइतकं. इथला घातक विंचू वेगळा. तो बारका, फिकट, भिंतीवर चढणारा. "म्हणजे मोठ्याला पेटीत ठेवलंत आणि घातक तो मोकळा?" आई म्हणाली. यावर उत्तर नव्हतं. परत जायच्या सुमारास मात्र रोज संध्याकाळी पेटीसमोर खुर्ची तीच ओढायची, आणि तात्या वर आला नाही तर माझ्याकडे रागाने बघायची.

तो आला तेव्हाच पूर्ण वाढलेला होता, वय कुणालाच माहीत नव्हतं. एका उन्हाळ्यात तो बिळाच्या तोंडाशी दिसला. रातकिडा अंगावर चढला तरी हलला नाही.

पेटी रिकामी करताना बीळ उलगडलं. तळाच्या काचेपर्यंत ते सरळ गेलं होतं आणि तिथून काचेला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. आठ फूट जाणाऱ्याला आम्ही जेमतेम फूटभर माती दिली होती. आईला फोनवर सांगितलं.

"आता पुन्हा असलं काही आणू नकोस," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आणलंसच तर पिंप घे. पेटी नको."