गॅस 'संपतो' म्हणजे काय?

मोटारीचा एसी गार करीनासा झाला की साताऱ्यापासून सांगलीपर्यंत बहुतेक गॅरेजांत पहिले वाक्य कानी पडते ते 'गॅस संपला असेल' हेच. संपणे हे क्रियापद आपण पेट्रोलला, स्वयंपाकाच्या सिलिंडरला, म्हणजे वापरून खर्च होणाऱ्या वस्तूंना लावतो. एसीतला वायू खर्च होत नाही. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो आतली उष्णता शोषतो, कंप्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता टाकून तो द्रव होतो, आणि पुन्हा तेच चक्र. तो कमी झालाच तर कुठून तरी गळालेला असतो. 'संपला' म्हटले की भरणे आले, 'गळाला' म्हटले की शोधणे आले. निदान यंत्राआधी क्रियापदात होते, असे मला वाटते.

माझ्या वडिलांना फुप्फुसाच्या विकारामुळे दर महिन्याला साताऱ्याहून मिरजेला न्यावे लागते. गळीत हंगामात पेठनाका सोडला की पुढे उसाच्या ट्रॉल्या, धूळ, पाचटाचा भुगा. काच खाली करणे त्यांना सोसत नाही. गेल्या मार्चमध्ये महामार्गावर कऱ्हाडपर्यंत गाडीत उत्तम गारवा होता. ट्रॉलीमागे रांगू लागताच झोतातून कोमट वारा येऊ लागला. एका गॅरेजात उत्तर ठरलेले होते.

पण गॅस वेग पाहून कमी-जास्त होत नाही! धावत्या गाडीत कंडेन्सरला समोरचा वारा मिळतो, थांबलेल्या गाडीत केवळ पंख्याचा. घरी बॉनेट उघडून इंजिन आणि एसी चालू केला. कंप्रेसरचा क्लच टक् करून लागला. पंखा मात्र ढिम्म. (पंखा केव्हाही सुरू होऊ शकतो, हात दूरच हवा.) इंजिन बंद करून फ्यूज पाहिला, तो शाबूत. मग पंख्याच्या रिलेच्या जागी त्याच क्रमांकाचा हॉर्नचा रिले बसवला, आणि पंखा फिरला. नवा रिले आणणे एवढेच उरले. कंडेन्सर थंड झाल्यावर नळाच्या मंद धारेने धुतला. जोराच्या धारेने त्याच्या नाजूक पात्या मुडपतात. पाण्याबरोबर चिखल आणि पाचटाचे तुकडे बरेच निघाले.

वायूच्या नळ्यांना मात्र घरी हात लावू नये. आतला दाब मोठा असतो, उडालेला द्रव त्वचा आणि डोळे गोठवू शकतो. शिवाय १९८७च्या माँट्रिअल करारानंतर ओझोनसाठी जुना आर-१२ हटवून मोटारींत जो आर-१३४ए आला, तो ओझोनला अपाय करीत नसला तरी वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ घडवतो. गळती न शोधता 'भरत' राहिलो, तर आपण ते आभाळातच भरत असतो.

एप्रिलच्या फेरीत आष्ट्याच्या अलीकडे वीसेक मिनिटे अडकलो. वडिलांनी झोत थोडा कमी करायला सांगितला.