आधी ऐकून तर घेऊ

इशाची नमाज पढून घरी आलो, तर आतल्या खोलीत कोणीतरी गळा फाटेपर्यंत ओरडत होते. वाटले, मोबाइलवर भांडणाचा व्हिडिओ लागला असेल. आत पाहिले, तर आमचे बारावीतले चिरंजीव डोळे मिटून मान हलवत बसलेले. हे म्हणे गाणे होते! मी फोन काढून घेतला आणि रागात बाप जे बोलतो ते सगळे बोललो. पुढचे चार दिवस पोरगा माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

जुम्याच्या दिवशी जेवणे झाल्यावर माझी अम्मी म्हणाली, "फोन दे उसका. सबके सामने लगाने दे. सुने बगैर फैसला नक्को कर."

अम्मीपुढे आमच्या मुकुंदनगरच्या घरात कोणाचे चालत नाही. सगळे बसलो.

अल्बमचे नाव 'हेल मोगॅम्बो'. मुंबईच्या 'स्क्राइब' या बँडचा, २०१४ सालचा. 'मिस्टर इंडिया'तला मोगॅम्बो आम्हाला माहीत. त्याआधीच्या २०१० च्या अल्बमचे नाव 'मार्क ऑफ तेजा' आहे, हे ऐकून तर 'अंदाज अपना अपना' आठवून सगळेच हसले. एवढी आरडाओरड करणारी ही पोरे थट्टेखोर आहेत, हे मला नवीन होते.

मुलाने घराणे समजावून सांगितले. १९८० च्या सुमारास अमेरिकेत हार्डकोअर पंक हे वेगवान, ओरडून म्हणायचे संगीत जोरात होते. पुढे काहींनी त्यात चढउतार आणला, मध्येच हळू, मध्येच भडका, ते पोस्ट-हार्डकोअर. 'स्क्राइब' त्याच खानदानातला, मेटलकडे झुकलेला. वॉशिंग्टनचा 'फुगाझी' हा या घराण्यातला मोठा बँड. त्यांच्या कार्यक्रमाचे तिकीट साधारण ५ डॉलर असे आणि कोणत्याही वयाच्या माणसाला आत येता येई. त्यांचा गायक इयान मकाय याने आधीच्या बँडमध्ये, १९८१ साली, नशा न करण्याबद्दल गाणे केले होते. 'स्ट्रेट एज' हे त्याचे नाव. त्यावरून दारू-सिगारेटला हात न लावणाऱ्या तरुणांची एक चळवळच उभी राहिली.

"म्हणजे ओरडतात, पण पीत नाहीत?" अम्मीने विचारले.

मग एकेकाचे मत झाले. बायको म्हणाली, शब्दच कळत नाहीत, डोके मात्र दुखते. मुलीला ढोल आवडला. धाकटा भाऊ म्हणाला, बाजाच नाजायज, तर चर्चा कशाला? मी म्हणालो, ही मनाची शांती घालवणारी गोष्ट आहे.

अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मोहरममध्ये कोठल्याला सवारी उठते तेव्हा 'या हुसेन' कोणी गोड गळ्यानं म्हणत नाही. ज्याचं दुखतं तो ओरडतो." आणि नातवाकडे वळून, "तेरा क्या दुखता रे?"

त्याने मान खाली घातली. मग माझ्याकडे न पाहता बोलला, "वर्गात नाव पुकारलं की काहीजण रोज टोमणा मारतात. अब्बांना एकदा सांगितलं, तर म्हणाले, गप्प राहा, वाद घालू नको. बसमध्येही गप्प, शाळेतही गप्प. मग हे लोक माझ्या वाटचं ओरडतात."

खोलीत कोणी काही बोलले नाही. तो मला कधी सांगायला आला होता, तेही मला नीट आठवेना.

इमाम गझालींनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये समाअवर, म्हणजे ऐकण्यावर, स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. दारूच्या मैफिलीशी जोडलेली वाद्ये त्यांनी मना केली. पण हेही सांगितले की, ऐकण्याने मनात जे आधीपासून असते तेच हलते. त्या दिवशी आम्ही सर्वांनी अल्बमवर मत दिले असे आम्हाला वाटले. खरे तर प्रत्येकाने आपल्या मनातले सांगितले. मी ज्याला शांती म्हणत होतो, ती माझी भीती होती.

संगीताच्या जायज-नाजायजवर उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो निवाडा माझ्यासारख्याने करायचा नाही. भाऊ आजही आपल्या मतावर ठाम आहे आणि मी त्याच्याशी वाद घालत नाही. फोन मुलाला परत दिला. अजानच्या वेळी बंद आणि अभ्यासाच्या वेळेत नाही, एवढे ठरले. सोमवारी मात्र मी त्याच्याबरोबर त्याच्या सरांना भेटायला गेलो. सरांनी ऐकून घेतले. टोमणे कमी झाले आहेत, पुरते थांबलेले नाहीत.

ते गाणे मला अजूनही आवडत नाही. पण खोलीतून आवाज आला की आता मी आधी दार वाजवतो आणि विचारतो, "आज काय झालं रे?"

अल्लाह आपल्या सर्वांना मुलांचे ऐकून घेण्याची तौफीक देवो. आमीन.