जन्मसालाचा हिशेब

धर्मग्रामाच्या कार्यालयात सर्वांत जाड आणि सर्वांत जपून ठेवलेली वस्तू कोणती असे कोणी विचारले, तर आम्ही स्नानसंस्काराच्या नोंदवहीकडे बोट दाखवू. बाळाचे नाव, आईबापांची नावे, धर्मपिता व धर्ममाता, जन्माची तारीख, संस्काराची तारीख आणि खाली धर्मगुरूची सही. एवढ्या चार ओळींत एक माणूस मावतो. लग्न ठरले, परदेशी जायचे झाले, की तोच माणूस दाखला मागायला येतो आणि मग गंमत सुरू होते. शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जूनचा आणि आमच्या वहीत नोव्हेंबरचा! आमच्या पिढीतील कितीतरी माणसे सरकारदरबारी १ जूनला जन्मलेली आहेत. पोराला एकदाचे शाळेत अडकवावे म्हणून गुरुजींनी आणि आईबापांनी मिळून ती तारीख ठरवलेली असे. त्या खोट्यात कोणाचे नुकसान करण्याचा हेतू नव्हता, असे म्हणून आपण सारेच ते हसून सोडून देतो.

पुढे दुसऱ्या तऱ्हेची माणसे भेटू लागली. मुलगा चौदा वर्षांखालील संघात बसावा म्हणून दाखल्यावर एक वर्ष कमी लिहून द्या, अशी विनंती एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हांला केली होती. आम्ही नकार दिला, तेव्हा त्यांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू आम्हीच त्यांच्या मुलाचे पदक चोरले. मुलांचे वय कमी करून मागणारे बाप आम्ही पाहिले होते. आपले वय आपणच वाढवून घेणारी मुले पाहण्याची पाळी मात्र खराडीत आली.

नगर रस्त्यावरील रामवाडीच्या पेपल सेमिनरीत आम्ही शिकत होतो, तेव्हा खराडी म्हणजे शहराच्या वेशीबाहेरचे गाव होते. मुळा-मुठेच्या काठची शेते, गावठाणातली जुनी घरे, दूध घेऊन निघालेल्या सायकली. १९९७ साली गाव पुणे महापालिकेत आले. नंतर ईऑन आयटी पार्क उभा राहिला, काचेच्या इमारती आल्या, आणि त्यांच्यामागोमाग वसईची, गोव्याची, नगर जिल्ह्यातली, केरळातली कुटुंबे आली. आमच्या रविवारच्या मिस्साला आता जी तरुण मंडळी दिसतात, त्यांतली पुष्कळशी या दहा-पंधरा वर्षांत आलेली. पगार चांगले, घरे लहान, आईबाप दोघेही कामावर, आणि नदीवरचा पूल ओलांडला की मुंढवा. मुंढवा, कल्याणीनगर, विमाननगर या परिसरात रात्री उजळणारी मद्यालये आहेत. त्यांच्या दाराशी उभा असलेला धिप्पाड माणूस ओळखपत्र मागतो, आणि तिथे आमच्या विषयाला सुरुवात होते.

महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षांची अट आहे. मूळ कायदा १९४९ सालचा, दारूबंदीचा. तो अजून जिवंत आहे आणि पिण्यासाठी परवानाही लागतो, हे पिणाऱ्यांपैकीही फारच थोड्यांना ठाऊक असते. सतरा वर्षांच्या मुलाने यावर शोधलेला उपाय अगदी सोपा. आधार कार्डाचे छायाचित्र मोबाइलवर घ्यायचे, जन्मसालातले दोन आकडे बदलायचे, झाले. चेहरा आपलाच, नाव आपलेच, फक्त आयुष्य आठ-नऊ वर्षांनी पुढे सरकलेले. ज्याला एवढेही जमत नाही, तो मोठ्या भावाचे लायसन्स मागून नेतो. आधार कार्डावर एक चौकोनी संकेतचिन्ह असते. ते यंत्राने वाचले तर बदललेला आकडा तत्काळ उघडा पडतो. पण दाराशी उभ्या असलेल्या माणसाने ते वाचायचे मनावर घेतले तर! तो मोबाइलच्या उजेडाकडे पाहतो, मुलाच्या बुटांकडे पाहतो आणि दार उघडतो.

दृढीकरणाच्या वर्गात एकदा हा विषय निघाला. एका मुलाने विचारले, “फादर, अठराव्या वर्षी मत देता येतं, एकविसाव्या वर्षी लग्न करता येतं, मग दारूलाच पंचवीस का?” प्रश्न निरर्थक नाही. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानंतर सर्वत्र एकवीसची अट आली, आणि तिथल्या कॉलेजांत खोटे लायसन्स ही जुनीच गोष्ट आहे. आम्ही त्याला एवढेच म्हणालो, की बाळा, हा युक्तिवाद चोवीस वर्षांच्या माणसाच्या तोंडी शोभतो. तू सोळाचा आहेस. वर्ग हसला, तोही हसला. पण हसणे ओसरल्यावर दुसरा एक मुलगा हळूच म्हणाला, “घरी तर डॅडीच ग्लास देतात.” त्यावर कोणी हसले नाही. आपल्या समाजात लग्नाच्या मांडवात, सणाच्या जेवणात दारू वर्ज्य नाही. पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती काकाने कौतुकाने पेला द्यावा आणि ‘आता मोठा झालास’ म्हणून पाठ थोपटावी, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मोठे होण्याचे पहिले ओळखपत्र त्या मुलाला तिथे मिळते. मोबाइलवरचे दुसरे.

आता एका कुटुंबाविषयी सांगतो. त्यांच्या संमतीने सांगतो, ओळख पटू नये इतपत तपशील बदलूनही सांगतो. आणि हे आम्हांला कार्यालयातल्या खुर्चीत कळले, पापनिवेदनाच्या जागी नव्हे, हेही नमूद करून ठेवतो.

मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत. घरी एक चुलतभाऊ राहायला, वय सव्वीस. वडील वारल्यावर काका-काकूंनीच त्याला गावाहून आणून शिकवले, आणि आता तो खराडीतच नोकरीला. धाकट्याने मागितले म्हणून थोरल्याने आपल्या लायसन्सचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवले. “एकदाच हं,” असेही लिहिले. ते एकदाच राहिले नाही. दोघांच्या चेहऱ्यांत घराण्याचे साम्य आहे, आणि रात्रीच्या उजेडात तेवढे पुरते. एका शनिवारी धाकटा थोरल्याची स्कूटर घेऊन गेला, प्याला, आणि परतताना नाकाबंदीत सापडला. पोलिसांनी यंत्रात फुंकायला लावले. आकडा वर गेला. लायसन्स मागितले तेव्हा त्याने मोबाइल पुढे केला. दारू पिऊन वाहन चालवल्याचा गुन्हा थोरल्याच्या नावावर नोंदला गेला. घरी कोणाला काही कळले नाही. कळले ते काही आठवड्यांनी, न्यायालयाचे समन्स गावच्या पत्त्यावर जाऊन म्हाताऱ्या आजीच्या हाती पडले तेव्हा.

मुलाचे आईवडील आमच्याकडे आले ते मुलाला दटावण्यासाठी नव्हे. वडील म्हणाले, “फादर, पहिला गुन्हा आहे. दहा हजारांपर्यंत दंड होईल, तो आम्ही भरू. पण थोरला ऐकत नाही. तुमचं तो ऐकेल.” म्हणजे काय, तर थोरल्याने न्यायालयात उभे राहून ‘होय, मीच प्यालो होतो’ असे सांगावे, यासाठी धर्मगुरूने शब्द टाकावा. आईचे डोळे पाण्याने भरलेले. “पोराचं वर्ष आहे, फादर. आम्ही त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, एवढं तो करणार नाही?” थोरल्याची अडचण अशी, की तो कधी दारूला शिवत नाही, आणि नव्या कंपनीत जायचे तर ती पूर्वीची सारी चौकशी करते. दुसरीकडे खरे सांगावे तर तोही सुटत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो; तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आपल्याला ठाऊक नव्हते हे सिद्ध करता आले तर गोष्ट वेगळी. पण थोरल्याला ठाऊक होते.

त्यांचे बोलणे ऐकत असता आमच्या मनात २०२४ सालची आठवण येत होती. १९ मेच्या पहाटे, आमच्या खराडीपासून फार दूर नाही अशा कल्याणीनगरात, सतरा वर्षांचा एक मुलगा भरधाव पोर्शे गाडी चालवत होता. तिच्या धडकेने मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. एक मुलगा, एक मुलगी, दोघेही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले. त्यांच्यासारखीच मुले आमच्या चर्चच्या शेवटच्या बाकांवर बसतात. त्या रात्री हा मुलगा मित्रांसह मुंढव्याकडच्या दोन मद्यालयांत गेला होता, आणि पहिल्या ठिकाणचेच बिल अठ्ठेचाळीस हजारांचे होते, असे पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी सांगितले. तिथे खोट्या कार्डाची गरज पडल्याचे आमच्या वाचनात नाही. वय न विचारताच मद्य दिले, असा ठपका ठेवून मालकांना व व्यवस्थापकांना अटक झाली. मुलाला दारू देणाऱ्यास बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे, ती कलमे त्या वेळी प्रथमच पुष्कळांच्या नजरेस आली. जामीन देताना बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, त्यावर देशभर संताप उसळला.

आम्हांला मात्र निबंधापेक्षा त्यानंतरचे अधिक लागले. गाडी आपण चालवत होतो असे ड्रायव्हरने सांगावे म्हणून त्याच्यावर दडपण आणले, असा पोलिसांचा आरोप. ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना टाकून दिला गेला आणि त्याच्या जागी त्याच्या आईचे रक्त ठेवले गेले, हा दुसरा आरोप. औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी ते जुळले नाही तेव्हा हे उघडकीस आले, असे पोलिसांनी सांगितले. आईवडील, आजोबा, डॉक्टर, सर्वांना अटक झाली. आरोप सिद्ध होणे न होणे हे न्यायालयाचे काम. १५ जुलै २०२५ रोजी मंडळाने त्या मुलावरील खटला अल्पवयीन म्हणूनच चालेल, असा निर्णय दिला. पण जे आरोपपत्रात आहे ते एकदा शांतपणे वाचावे. मुलाने केलेली लबाडी त्यात फारशी नाहीच. ड्रायव्हरला मुलाची ओळख द्यायची, आईच्या रक्ताला मुलाचे नाव द्यायचे, हे सारे मोठ्या माणसांनी केल्याचे म्हटले आहे.

त्याच वर्षी ७ जुलैला वरळीला दुसरा प्रसंग घडला. कोळीवाड्यातले एक जोडपे पहाटे ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरने परतत होते. बीएमडब्ल्यू गाडीने त्यांना उडवले आणि बाईंना फरफटत नेले; त्या दगावल्या. गाडी चालवल्याचा आरोप असलेला तरुण पंचविशीच्या आतला होता. आदल्या रात्री जुहूच्या ज्या बारमध्ये त्याला मद्य दिले गेले, तिथल्या लोकांनी सांगितले की त्याने दाखवलेल्या ओळखपत्रावर वय पंचवीसच्या वर होते. आकडे बदलायला किती वेळ लागतो? एक मिनिटही नाही.

आमच्या आध्यात्मिक वाचनात उत्पत्तीच्या पुस्तकातली याकोबाची कथा अनेकदा येते. आंधळ्या इसहाकासमोर थोरल्या भावाचे कपडे घालून, हाताला करडांची कातडी बांधून जाण्याची युक्ती याकोबाची नव्हती. ती त्याच्या आईची, रिबेकेची. मुलगा घाबरला, तेव्हा जो शाप लागेल तो मला लागो, असे आईनेच सांगितले. तरी शाप तिच्यापाशी थांबला नाही. ज्या मुलाने बापाला करडाच्या कातड्याने फसवले, त्याच्यापुढे पुढे त्याच्याच मुलांनी बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला योसेफाचा झगा आणून ठेवला, आणि त्या रक्तावर त्याने विश्वास ठेवला. सेमिनरीत ही कथा शिकताना आम्हांला ती वारसाहक्काची वाटत असे. आता त्या आईचे बोलणे आठवते.

आमच्या समोर बसलेल्या आईवडिलांना आम्ही याकोब सांगितला नाही. आम्ही एवढेच विचारले, की थोरला तुमच्या पोटचा असता तर तुम्ही कोणाला न्यायालयात उभे केले असते? वडील चिडले. मदत मागायला आलो होतो, म्हणाले, आणि उठले. थोरल्याशी बोलण्यास आम्ही नकार दिला; मात्र एका जाणत्या वकिलाचे नाव लिहून दिले आणि धाकट्याला आमच्याकडे पाठवा, असे सांगितले.

धाकटा आला, आईबापांना न सांगता, सायकलवरून. बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने मोबाइल काढून थोरल्याचे ते लायसन्स आम्हांला दाखवले आणि विचारले, “हे पुसून टाकू का?” आम्ही म्हणालो, पुसू नकोस, वकिलांना दाखव. पुढल्या आठवड्यात तो वकिलांकडे गेला. वडील सोबत गेले, मात्र खालीच थांबले. खरी हकीकत लेखी दिली गेली आहे. दोघांनाही तारखा पडत आहेत. थोरल्याने काकांचे घर सोडून वाघोलीला खोली घेतली. रविवारच्या सकाळच्या मिस्साला दोघेही येतात. धाकटा आईबापांबरोबर पुढे बसतो, थोरला मागे खांबाजवळ. शांतिचिन्ह देण्याची वेळ आली की धाकटा मान वळवून मागे पाहतो. थोरल्याने अजून वर पाहिलेले नाही.