उतरवलेली रायफल

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. खसखशीच्या दाण्याहून बारीक. नव्या पालकांना हे सांगितलं की ते आपल्या पोरीकडे दयेने बघतात. पण सरावात तो ठिपका सगळ्यांनाच लागतो. खरी पंचाईत फायनलला होते, तिथे छातीतले ठोके साइटमध्ये दिसायला लागतात. अंगात जाडजूड जॅकेट, डावं कोपर कमरेच्या हाडावर रोवलेलं, आणि तरी दर ठोक्याला पुढची रिंग काळ्या गोलाला हळूच ढुशी देते.

मी खेळत होते तेव्हा वाटायचं, ज्याला धडधड होत नाही तो खरा नेमबाज. म्हणून प्राणायाम केला, मॅचच्या आदल्या दिवशी मौन पाळलं, चहा सोडला. (चहा सोडल्याने डोकं दुखलं, एवढंच.) एका फायनलला शेवटून दुसऱ्या शॉटला रायफल खांद्यावर जरा जास्तच राहिली. आठ-दहा सेकंदांनंतर डोळ्यांपुढचं चित्र शिळं होतं; काळं हलतंय हे दिसत असूनही डोळा त्याला स्थिर समजतो. मला कळत होतं, आता खाली घ्यावी. एका शॉटला ५० सेकंद असतात, त्यातले निम्मे तरी शिल्लक होते. पण शेजारणीचा शॉट होऊन गेला होता, मागे लोक बसले होते, आणि मनात एकच: एकदाचं उरकून टाक. उरकलं. ८.९.

घाईलाच मी तेव्हा धाडस समजत होते.

बीजिंगला २००८ साली अभिनव बिंद्राने शेवटच्या शॉटला १०.८ मारला, ती गोष्ट सगळेच सांगतात. मी पोरांना अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सची सांगते. अथेन्स, २००४. ५० मीटर थ्री पोझिशनच्या शेवटच्या शॉटआधी तो तीन गुणांनी पुढे होता. आधी टार्गेटवरचा नंबर बघायचा, मग रायफल खाली काळ्यावर आणायची, ही त्याची पद्धत. त्या दिवशी स्वतःला शांत करण्यात तो इतका गुंतला की नंबर बघायचाच राहिला. गोळी शेजारच्याच्या टार्गेटवर. शून्य गुण, आणि सुवर्णाच्या तोंडावरून थेट आठवा. बीजिंगला पुन्हा पुढे, पुन्हा शेवटचा शॉट. रायफल काळ्यावर आणता आणता बोट ट्रिगरला लागलं आणि ४.४. चौथा. पोरं इथे हसतात. मग मी सांगते की हाच माणूस २०१२ला लंडनमध्ये उभा राहिला आणि ब्राँझ घेऊन गेला. हसणं थांबतं.

मन शांत करायला मी आता कुणाला शिकवत नाही. धडधडू दे. मी रायफल उतरवायला शिकवते. सरावात मधेच थाळी वाजवते, कुणाच्या तरी घरच्यांना मुद्दाम मागे उभं करून बोलायला लावते, आणि दहा शॉटमागे दोनदा तरी, नेम चांगला जमलेला असतानाही, खाली घ्यायला लावते. हे फार जड जातं. साडेचार-पाच किलोची रायफल पुन्हा उचलायची, पाय पुन्हा जुळवायचे, श्वास पुन्हा पहिल्यापासून. वहीत गुणांच्या शेजारी आणखी एक रकाना असतो: उतरवली किती वेळा.

परवा जिल्हा स्पर्धेत माझी एक विद्यार्थिनी शेवटच्या शॉटला उभी होती. एकदा खांद्याला लावली, उतरवली. पुन्हा लावली. मागून तिच्या वडिलांचा आवाज आला, "अगं, मार की आता!" तिने पुन्हा उतरवली. घड्याळात १४ सेकंद. माझ्याच हाताला घाम फुटला. तिसऱ्यांदा उचलली आणि सहा सेकंद असताना शॉट गेला. ९.९. पदक ०.२ने हुकलं.

वडील गाडीत बसेपर्यंत काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "मॅडम, पहिल्याच वेळी मारला असता तर?"

मागच्या सीटवर ती वहीत लिहीत होती. "पहिल्या वेळी आठच लागला असता, बाबा," ती मान वर न करता म्हणाली, आणि त्या रकान्यात २ घातला.